माद्रिदच्या कोर्टात झाडीपट्टीचा साक्षीदार

मी वकिली सुरू केली ती तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. सकाळी गोंदियाहून गाडीने यायचं, संध्याकाळी परत जायचं. कामं ठरलेली होती. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, मोटारसायकलींचे अपघात. बाकीचा वेळ प्रतिज्ञापत्रं. जी केस सीनियर मंडळींना नको असायची, ती ते मोठ्या मनाने माझ्याकडे पाठवत. बाबाजी माझ्याकडे आले ते असेच, एका सीनियरच्या कारकुनाने बोटाने शेड दाखवल्यावर.

बाबाजी तिबेटी होते. इटियाडोह धरणाच्या बाजूला, जंगल तोडून वसवलेली त्यांच्या लोकांची वसाहत आहे. सत्तरच्या दशकात सरकारने त्यांना तिथे आणून सोडलं, तेव्हा ते ऐन तरुण होते. माझ्याकडे आले तेव्हा साठी ओलांडलेली होती. चेहरा हिमालयातला, पण बोली पक्की झाडीची, आमच्या पूर्व विदर्भाची. नव्या माणसाला हे ऐकून हसू यायचं. त्यांना त्याची सवय झाली होती.

"वकीलबाई, मले एका सायबावर केस टाकाची हाय," ते म्हणाले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

घडलं होतं ते असं. वसाहतीतले लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला लांबलांबच्या शहरांत जातात. बाबाजींचे गुडघे गेले होते, म्हणून ते जिल्ह्यातल्याच आठवडी बाजारांत बसत. एका बाजारच्या दिवशी कोणी मोठा पाहुणा त्या रस्त्याने जाणार होता, म्हणून रस्ता मोकळा करायला एक अधिकारी आले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. माझी अजून तिथे कामं पडतात. लोकांनी दुकानं उचलली, बाबाजींना गुडघ्यांमुळे उठायला उशीर झाला. साहेबांनी बरोबरच्या शिपायाच्या हातातली काठी घेतली आणि मनगटावर हाणली. मग स्वेटरांचं गाठोडं नालीत गेलं. पाहुणा त्या दिवशी दुसऱ्याच रस्त्याने गेला, हे नंतर कळलं.

मी नवी होते, त्यामुळे मला ही केस फार सोपी वाटली. साक्षीदार होते, डॉक्टरचा दाखला होता. कोर्टाने फिर्याद ऐकून साहेबांच्या नावे समन्स काढला आणि तिथून पुढे काहीच घडलं नाही. समन्स प्रत्येक वेळी परत येई. शेरा एकच: सदर इसम घरी मिळून आला नाही. साहेब गोंदियात रेल्वे लाईनपलीकडे स्वतःच्या बंगल्यात राहत होते, आणि मी स्टेशनवर जाताना रिक्षातून त्यांना बऱ्याचदा पाहत असे. गेटजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असत. मला त्यांचे मोजे दिसायचे, समन्स नेणाऱ्याला आख्खा माणूस दिसायचा नाही.

शिवाय मंजुरीचा प्रश्न होताच. सरकारी माणसाने कामावर असताना केलेल्या गोष्टीसाठी त्याच्यावर खटला चालवायचा तर सरकारची परवानगी लागते, असा कायदा आहे. साहेब हजर झाले की हा मुद्दा काढणार हे उघड होतं, म्हणून मी आधीच मंजुरीचा अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, त्याची पोच आली. दरम्यान साहेब सन्मानाने निवृत्त झाले. सत्काराचा फोटो पेपरात आला होता.

बाबाजी तो पेपर घेऊनच आले. "रिटायर झाला जी. आता तं सरकारी माणूस नाही ना राह्यला?"

"तरी मंजुरी लागते, बाबाजी. तेव्हा होते ना ते सरकारी."

"म्हंजे मारलं तेव्हाची नोकरी धरते, अन् आता हजर व्हायले नोकरीच नाही?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुढची तारीख विचारून घेतली. अशा आमच्या कित्येक तारखा झाल्या. प्लास्टर केव्हाच निघालं होतं, पण मनगट वाकडं बसलं होतं. ते कधी चिडले नाहीत. वसाहतीतून एसटीने येत, बाकावर बसत, आमचा पुकारा झाला की उठून उभे राहत, आणि जाताना मला मक्याची कणसं देऊन जात.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास, फेब्रुवारीत, बाबाजींची नात माझ्या शेडमध्ये आली. ती वसाहतीच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याबरोबर एक उंच गोरी बाई. धुळीने केस लाल झालेले, कारण ती गोंदियापासून उघड्या जीपने आली होती.

"दीदी, ये स्पेन से आयी हैं, वकील हैं," नात म्हणाली. "दादाजी का बयान लेना है."

पुढचं त्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं. स्पेनमध्ये त्या काळी असा कायदा होता, की वंशसंहार, छळ असले गुन्हे जगात कुठेही घडलेले असोत, करणारा कुठल्याही देशाचा असो, तिथलं कोर्ट खटला चालवू शकतं. त्या कायद्याखाली चीनच्या काही माजी बड्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध तिबेटमधल्या अत्याचारांची केस माद्रिदच्या कोर्टाने दाखल करून घेतली होती. साक्षीदार जगभर पसरलेले होते. बाई त्यांचे जबाब गोळा करत फिरत होत्या. बाबाजींच्या जबाबावर ओळख पटवून सही-शिक्का मारायला स्थानिक वकील हवा होता.

मी शिक्का काढला. आदल्या दिवशी तोच शिक्का मी एका म्हशीच्या विक्रीच्या कागदावर मारला होता.

बाबाजींना हा कायदा समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "तठी कोनाची मंजुरी लागते?"

"कोणाचीच नाही."

"अन् ते सायब लोक रिटायर हायत?"

"हो."

"मंग आपली केस बी तठीच टाका ना जी!"

नातीने ते बाईंना सांगितलं. बाई हसल्या, पण मी हसले नाही. मला क्षणभर ती सूचना गंभीरपणे घ्यावीशी वाटली होती.

जबाब वसाहतीत, बाबाजींच्या घरी झाला. बाबाजींनी तिबेटीत बोलायचं, नातीने इंग्रजीत सांगायचं, बाईंनी लिहून घ्यायचं, असं ठरलं. बाबाजींनी ठेवणीतला अंगरखा घातला होता. सुरुवात नीट झाली. गाव, नदी, वडील, वडिलांचे याक. मग सैन्य आलं, त्याच्यामागून नवा अंमल आला, आणि एक दिवस सगळ्या गावाला मैदानात बसवलं. तिथे आल्यावर बाबाजी बोलता बोलता थांबले, माझ्याकडे वळले आणि झाडीबोलीत सांगायला लागले.

"एक सायब खुर्चीवर बसला होता. खिशाले दोन पेन. तो नाव घेई, अन् त्या मानसाले पुढे आनत. माह्या बापाचं नाव घेतलं. मंग शेजाऱ्याले सांगे, मार. शेजारी मारे ना, तं शेजाऱ्याले मारत. मंग तो मारे. आमचा शेजारी रडून राहिला होता अन् मारून राहिला होता."

नात भाषांतर करायची थांबली होती. हे तिने घरात कधी ऐकलेलं नव्हतं. तिबेटीत ते त्यांच्या तोंडून निघत नसावं, कारण त्या भाषेत ते घडलं होतं. मग मी इंग्रजीत सांगू लागले, आणि बाई लिहीत गेल्या. वडील चार दिवसांचेही सोबती उरले नाहीत. थोरल्या भावाला रस्ता बांधायला नेलं, तो परत आला नाही. आई आणि बाबाजी डोंगर ओलांडून भारतात आले, आणि इथे त्यांनाही रस्ताच बांधायला लावलं. आई त्या रस्त्याच्या कामावरच वारली. मग आगगाडीत बसवून या जंगलात आणलं. पहिल्या उन्हाळ्यात वसाहतीतली म्हातारी माणसं पटापट गेली, त्यांना हे असलं ऊन कधी ठाऊकच नव्हतं.

"दोन पेनवाल्याचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

बाबाजींना नाव माहीत नव्हतं. चेहरा, दात, बूट, सगळं माहीत होतं. बाईंनी हळूच सांगितलं की तो माणूस आता जिवंत असणं कठीण आहे, आणि केसमधले आरोपी त्याच्या कितीतरी वरचे, आणि बरेच नंतरचे आहेत. त्याला हुकूम कोणी दिले होते, ते सांगता येईल का?

"मले का माहीत?" बाबाजी म्हणाले. "मले तं पेनवालाच दिसला. वरचा कोनी दिसे तं दिसे कसा?"

बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, जबाब उपयोगाचा आहे, पूर्वीपासून काय चालत आलं ते दाखवायला कामी येईल. मी हे भाषांतर करून सांगितलं. आपला बाप पार्श्वभूमी म्हणून लागणार हे बाबाजींना कितपत कळलं, कोण जाणे. त्यांनी सही केली. वाकड्या मनगटामुळे सहीला वेळ लागला. बाईंनी मनगटाकडे पाहून विचारलं, हे तेव्हाचं का? बाबाजी म्हणाले, "नाही, हे अठीचं." ते मी भाषांतर करून सांगितलं नाही, आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

यानंतर जे झालं त्यात माझा काहीही हात नाही, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते. कोर्टाच्या आवारात चहाची टपरी आहे, आणि तिथे सगळ्या केसेसचे निकाल कोर्टाच्या आधी लागतात. गोरी बाई वकीलबाईंच्या शेडमध्ये आली, तिबेटी बुढ्याचं बयान झालं, परदेशातल्या कोर्टात रिटायर सरकारी सायबांवर केस पडली. एवढी माहिती टपरीवर पोचली. ती सगळी खरी होती. आता तिबेटी बुढ्याची कुठल्या रिटायर सायबावर केस आहे, हे तालुक्यात सगळ्यांना पाठ होतं. दोन आणि दोन चार झाले आणि गोंदियाच्या गाडीत बसून रेल्वे लाईनपलीकडे गेले.

पंधरवड्यात साहेब माझ्या शेडमध्ये आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"नमस्कार वकीलबाई. ओळखलं का?"

"ओळखलं. तुमचं नाव मी बऱ्याच समन्सांवर वाचलंय."

ते बसले. रुमालाने मान पुसली. थोडं हवापाण्याचं बोलले, मग मुद्द्यावर आले. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला होता. त्याला मुलगी झाली होती. नवरा-बायको दोघांनी मे महिन्यात जायचं होतं, तिकिटं झाली होती.

"मी इंटरनेटवर वाचून घेतलं मुलाकडून," ते आवाज खाली आणून म्हणाले. "युरोपात एका देशाने वॉरंट काढलं की दुसरा देश विमानतळावर उतरवून घेतो. खरं आहे का ते?"

"काही बाबतींत खरं आहे. पण तुमच्यावर तिथे केस नाही. ती केस वेगळ्याच लोकांवर आहे. मोठ्या लोकांवर."

"मोठ्या लोकांवर," ते म्हणाले. मला वाटतं त्यांना ते थोडं लागलं. "म्हणजे माझं नाव यादीत खाली असेल."

"नावच नाही."

"तुम्ही समोरच्या पार्टीच्या वकील. तुम्ही असंच म्हणणार."

मी त्यांना तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. चीन म्हणाले, तिबेट म्हणाले, गेल्या शतकातलं प्रकरण म्हणाले. जितकं सांगत गेले तितकी त्यांची खात्री पटत गेली की मी काहीतरी लपवते आहे. आयुष्यभर लोकांना 'तुमची फाईल इथे नाही' असं सांगण्यात घालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडून तेच ऐकून काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी मी म्हटलं, "मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. तुमचा वकील करा. इथल्या तारखेला मात्र हजर राहा."

"राहतो ना! मी कधी नाही म्हटलं?"

आणि ते खरंच आले. पुकारा झाल्याबरोबर साहेब दारातून आत आले, तेव्हा न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. साहेबांच्या वकिलाच्या तोंडावर कडू काढा प्यायल्यासारखा भाव होता. मंजुरीच्या मुद्द्यावर केस उडवता येते असं तो त्यांना शेवटपर्यंत सांगत होता, पण साहेबांना मुद्दा नको होता, त्यांना तडजोडीचा शिक्का असलेला कागद हवा होता. विमानतळावर कोणी हटकलं तर दाखवायला.

मी बाबाजींना बाहेर नेऊन विचारलं. तडजोड करायची की नाही, हे सर्वस्वी त्यांच्या हातात होतं. साहेब नुकसानभरपाई द्यायला तयार होते.

"पैसे नको," ते म्हणाले. "त्यानं का केलं ते त्यानं सांगावं. सगळ्यायसमोर. मंग सोडतो मी."

न्यायाधीश म्हणाले की तडजोडीसाठी कबुलीची गरज नसते. पण ते तरुण होते, आणि दुपार निवांत होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "बोलायचंय का तुम्हाला काही?"

साहेब उभे राहिले. "त्या दिवशी बाजारात जरा बाचाबाची झाली होती."

"बाचाबाची नाही जी," बाबाजी म्हणाले. "मी तं बोललोच नाही. काठी होती."

"होय, गडबडीत यांना काठी लागली."

"लागली नाही. मारली."

न्यायाधीशांनी बाबाजींना मध्ये बोलू नका म्हणून सांगितलं, पण तेही वाट पाहू लागले. साहेबांनी घसा साफ केला. "माझ्या हातून काठी मारली गेली."

शासकीय मराठीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस होता तो. त्या भाषेत निर्णय घेतला जातो, रक्कम खर्च होते, अर्ज गहाळ होतो. कोणी काही करत नाही. साहेब ते मुद्दाम करत नसावेत असं मला आज वाटतं. त्यांना 'मी'ने सुरू होणारं वाक्य खरोखरच सापडत नव्हतं. बाबाजी मात्र उभेच होते, आणि मान हलवून नाही म्हणत होते. हेच बाबाजी वसाहतीतल्या घरात दोन पेनवाल्याबद्दल सांगताना बसून होते.

"मी," साहेब शेवटी म्हणाले, "मी काठी मारली."

"स्टेनोला ऐकू आलं नाही," न्यायाधीश म्हणाले. "जरा मोठ्याने."

"मी यांना काठी मारली!" साहेब ओरडलेच. व्हरांड्यातली माणसं आत डोकावली.

"झालं," बाबाजी म्हणाले. "लिहून घ्या जी, मी सोडलं."

साहेब मे महिन्यात जर्मनीला गेले. विमानतळावर त्यांना कोणी काही विचारलं नाही. तो कागद त्यांनी स्वतःहून दाखवला म्हणे, आणि तिथल्या माणसाने तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला. परत आल्यावर त्यांनी टपरीवर जाहीर केलं की वकीलबाईंनी त्यांना फसवलं. बाबाजींच्या केसमधला मंजुरीचा अर्ज मागे घेत असल्याचं मी सरकारलाही कळवलं. त्याची पोच आली.

माद्रिदची केस पुढे बरीच वर्षं चालली. बाई अधूनमधून नातीला ईमेल करत. मध्ये तिथला कायदा थोडा आवळला गेला, तरी केस टिकली. मग दोन हजार तेराच्या शेवटी बातमी आली की त्या कोर्टाने चीनच्या एकेकाळच्या सर्वोच्च नेत्यांविरुद्ध अटकेचे आदेश द्यायचं ठरवलं. वसाहतीत त्या दिवशी लोक एकमेकांच्या घरी गेले. धान कापून झालं होतं. मी मिठाई घेऊन गेले, तर बाबाजींनी विचारलं, "पकडलं का?"

"नाही. ते युरोपात गेले तर पकडतील."

"ते कायले जातील?" ते म्हणाले, आणि मिठाई घेतली.

पुढच्याच वर्षी स्पेनने कायदा बदलला. चीनने नाराजी कळवली होती आणि स्पेनला चीनशी पुष्कळ व्यवहार करायचे होते. नव्या कायद्यात ही केस बसेना. ती बंद झाली. मंजुरी कोणाचीच लागत नाही असं मी बाबाजींना सांगितलं होतं, ते चुकीचं निघालं. तिथेही लागत होती, फक्त ती कुठल्या खिडकीवर मागायची ते कळायला आठ वर्षं लागली होती.

बाईंनी नातीच्या पत्त्यावर एक पाकीट पाठवलं. त्यात दाखल झालेल्या जबाबाची प्रत होती, स्पॅनिशमधली. नातीने मला बोलावून घेतलं, कारण बाबाजी धरून बसले होते की वाचून दाखवा. ते आता फारसे उठत नसत. खाटेवर भिंतीला टेकून बसले होते.

"बाबाजी, मला ही भाषा येत नाही."

"अक्षरं तं येतात ना? वाचा."

मग मी वाचलं. इंग्रजी अक्षरं, जमतील तशी, झाडीच्या हेलात. मला एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, आणि नातीला हसू आवरत नव्हतं. बाबाजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गावाचं नाव आलं की मान हलवायचे. नदीचं आलं, तेव्हाही हलवली. मी सगळी पानं वाचली. घसा कोरडा पडला.

"झालं?" त्यांनी डोळे उघडले.

"झालं."

"मोठी गोड भासा हाय जी," ते म्हणाले. "येवढं वाईट सांगितलं मी, अन् आयकाले कसं लगनातल्या गान्यासारखं वाटते."

नातीने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. मग ते मला विचारायला लागले की गोंदियाहून तुमची गाडी आता वेळेवर येते का, आणि तो विषय संपेपर्यंत माझी शेवटची एसटी गेली.